ऑल-व्हील ड्राइव्ह की फोर-बाय-फोर? पांदणीने जाणाऱ्यांसाठी एक तुलना

टाटा मोटर्सने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी सिएरा बाजारात आणली, तेव्हा जुन्या सिएराची आठवण ठेवणाऱ्या अनेकांचा एका गोष्टीने हिरमोड झाला. १९९१ साली आलेली सिएरा फोर-बाय-फोरमध्येही मिळत असे. नव्या सिएरात मात्र, पेट्रोल घ्या किंवा डिझेल, इंजिनाचा जोर पुढच्या दोनच चाकांना जातो. ज्यांचे जाणे-येणे डांबरी रस्त्याने होते त्यांना यात काही कमी वाटण्याचे कारण नाही, आणि गाडी म्हणून ती चांगलीच आहे. परंतु ज्यांचे वावर फाट्यापासून आत, पांदणीच्या म्हणजे कच्च्या शेतरस्त्याच्या शेवटी आहे आणि ज्यांना पेरणी, डवरणी व फवारणी या नेमक्या पावसाळ्यातल्या कामांसाठी तिथे जावेच लागते, त्यांची निराशा रास्त आहे. असे लोक मग शोरूममध्ये जाऊन चारही चाकांना जोर देणारी दुसरी गाडी मागतात, आणि तिथे त्यांच्यापुढे दोन वेगळ्या जातीच्या गाड्या एकाच नावाखाली ठेवल्या जातात. एक ऑल-व्हील ड्राइव्ह आणि दुसरी फोर-बाय-फोर. किंमत, रंग आणि सनरूफ यांच्या चर्चेत हा फरक बुडून जातो, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

सुरुवात चाकापासूनच करावी लागेल. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेले असते आणि ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. साध्या डिफरन्शियलची अडचण अशी, की ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर पोहोचवते. एक चाक गाऱ्यात, म्हणजे चिखलात, मोकळे फिरू लागले, की त्याला फिरवायला जेवढा थोडासा जोर पुरतो तेवढाच दुसऱ्या, टणक जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि गाडी जागची हलत नाही. फसलेल्या गाडीचे एकच चाक भिरभिरत असते आणि बाकीची तीन स्थिर असतात, त्याचे कारण हे आहे.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये यावर केलेला उपाय मारुतीच्या ग्रँड विटारात किंवा तिच्याच जोडीच्या टोयोटा हायरायडरमध्ये पाहता येतो. एरवी ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागच्या डिफरन्शियलच्या आधी क्लचच्या पट्ट्यांची एक जोडणी असते; पुढची चाके घसरत आहेत असे संगणकाला कळले, की त्या पट्ट्या आवळल्या जातात आणि काही जोर मागे जातो. चालकाला काहीच करावे लागत नाही. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय एका गोल बटणावर असतात, आणि गाडी अडकली तर लॉक लावायचे असते. ही व्यवस्था हलकी आहे, इंधन फारसे खात नाही (आधी मिळणाऱ्या मॅन्युअल ग्रँड विटारा ऑल-व्हील ड्राइव्हचा कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला १९.३८ किलोमीटर होता) आणि चालकाच्या कौशल्यावर अवलंबून नाही. तिची मर्यादा त्या पट्ट्यांतच आहे. गाऱ्यात चाके बराच वेळ फिरत राहिली की पट्ट्या तापतात, आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा मागची जोडणी काही वेळ सोडून देते. म्हणजे जोराची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी गाडी पुन्हा दोन चाकांची होऊ शकते.

फोर-बाय-फोरची रचना जुनी आणि सरळ आहे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, असते. थार किंवा जिमनीत गिअरच्या बाजूला त्याची दुसरी दांडी दिसते, स्कॉर्पिओ-एनमध्ये तेच काम बटणाने होते. टू-हायमध्ये मागची दोन चाके चालतात. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. मध्ये क्लच नाही, तापणाऱ्या पट्ट्या नाहीत. फोर-लोमध्ये याच्यावर आणखी एक गिअर चढतो, त्यामुळे चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. ताडोबा, पेंच आणि मेळघाटातल्या सफारीच्या जिप्सी अनेक वर्षे याच व्यवस्थेवर चालल्या आहेत.

मात्र या पक्क्या जखडणीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, आणि माझ्या मते खरेदीच्या वेळी सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. शाफ्ट जखडलेले असले तर हा फरक निघायला जागा राहत नाही, आणि कोरड्या डांबरावर तो ताण यंत्रात साठत जातो: स्टिअरिंग जड होते, टायर घासटतात, दांडी परत टू-हायमध्ये यायला तयार होत नाही आणि शेवटी ट्रान्सफर केसचे नुकसान होते. मातीत किंवा गाऱ्यात चाके किंचित घसरून तो ताण सोडून देतात, म्हणून तिथे काही होत नाही. याचा अर्थ असा की जिमनी किंवा तीन दारांची थार डांबरी रस्त्यावर मागच्या दोन चाकांचीच गाडी असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना किंवा सेमाडोहमार्गे धारणीला उतरताना श्रावणातला घाट तुकड्या-तुकड्यांनी ओला असतो. एका वळणावर झाडाखाली शेवाळ, पुढच्या वळणावर कोरडे डांबर. अशा रस्त्यावर ऑल-व्हील ड्राइव्ह आपोआप काम करत राहते, आणि फोर-बाय-फोरच्या चालकाला टू-हायमध्येच राहणे योग्य ठरते. जास्त दणकट दिसणारी गाडी घाटात जास्त सुरक्षित असेलच, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय ब्रेक दोन्हींना चारच चाकांवर आहेत. थांबण्याच्या अंतरात यांपैकी कोणतीच व्यवस्था मदत करत नाही.

आता पांदणीकडे येऊ, कारण खरी निवड तिथे ठरते.

पश्चिम विदर्भाची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. पावसाळ्यात तीच माती टायरला धरून बसते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वरचा थोडाच थर ओला असतो आणि खाली टणक जमीन असते, म्हणून गाडी डुलत का होईना निघते. पोळ्याच्या सुमारास ओल खोल गेलेली असते, आणि तेव्हा चाकाला खाली धरायला काही उरत नाही. टायरच्या खाचा पहिल्या काही मीटरांतच भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. त्यानंतर माती चाकाच्या कमानीत चढू लागते, वर थर बसतो, आणि शेवटी चाक फिरण्यापुरतीही जागा राहत नाही; मग खुरप्याने किंवा सब्बलीने ती खरवडून काढावी लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हा त्रास सर्वांत जास्त आहे, कारण तिथे माती खोल आहे आणि पाणी मुरत नाही.

अशा मातीत फोर-लोचा उपयोग जोरासाठी जितका आहे, त्याहून जास्त सावकाशीसाठी आहे. फोर-लोमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर एकसारखा, बेताचा ॲक्सिलरेटर ठेवून गेले की चाक मातीला फाडत नाही, तिच्यावर चालते. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये इतका हळू गिअरच नसतो, म्हणून चालक इंजिन वाढवतो, चाके भिरभिरतात, माती खणली जाते आणि मागची जोडणी तापते. नाल्याची काठावरची उतरणही अशीच आहे: फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकला पाय लावावा लागत नाही, तर ब्रेकच्या भरवशावर उतरणाऱ्या गाडीची चाके ओल्या मातीवर अडखळून घसरण्याचा धोका असतो.

जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा मात्र जपून वाचावा. जिमनीची उंची २१० मिलिमीटर आहे आणि ग्रँड विटाराचीही २१० मिलिमीटर सांगितली जाते. थारची २२६ आहे. एवढ्यावरून पहिल्या दोन गाड्या सारख्या वाटतील. पण जिमनीचे नाक आखूड आहे, तिचा समोरून चढण्याचा कोन ३६ अंशांचा आहे, आणि वजन जेमतेम बाराशे किलो आहे. ग्रँड विटाराचा बंपर लांब व खाली आहे, त्यामुळे धुऱ्यावर चढताना किंवा चारीतून निघताना आधी प्लॅस्टिक टेकते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदणीत गोष्ट आणखी वेगळी होते, कारण तिथे मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि चारही चाके अधांतरी होतात. त्या स्थितीत कोणतीही ड्राइव्ह उपयोगाची नाही. एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर ठेवून चालवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि काळ्या मातीत जड गाडीपेक्षा हलकी गाडी बरी, हे माझे ठाम मत आहे.

भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीकडे हिशेब बदलतो. तिथे धानाच्या बांध्यांत पाणी भरलेले असले तरी लाल, रेताड आणि मुरमाड जमिनीचे रस्ते पाणी लवकर सोडतात, आणि चाकाखाली काहीतरी टणक लागते. अशा रस्त्यांना ऑल-व्हील ड्राइव्ह पुरते. पश्चिमेकडेही जिथे पांदणीचे खडीकरण झाले आहे तिथे हेच लागू होते. म्हणून गाडी ठरवण्याआधी आपली पांदण खडीकरणाच्या मंजूर यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे, कारण मुरूम पडला तर फोर-बाय-फोरवरचे जादा पैसे वाचू शकतात.

टायरबद्दल थोडक्यात सांगायचे तर, कारखान्यातून येणारे रस्त्याचे टायर काळ्या मातीत दोन्ही व्यवस्थांना निकामी करतात. रुंद खाचांचे ऑल-टेरेन टायर स्वतःला थोडेफार झाडतात, पण समृद्धी महामार्गावर लांबचा प्रवास करताना त्यांचा आवाज आणि इंधनावरचा भार जाणवतो. ज्यांना महिन्यातून अनेकदा नागपूर किंवा त्यापुढे जावे लागते आणि शेतात गाडी क्वचितच न्यावी लागते, त्यांनी ऑल-व्हील ड्राइव्हच घ्यावी.

शोरूममध्ये नावावर जाऊ नये. थार हे नाव मागच्या दोन चाकांच्या गाडीवरही असते; तशी श्रेणी जानेवारी २०२३ मध्ये आली. थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांत फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये आहे. स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये ते नाहीच. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह मिळत नाही. हॅरिअर आणि सफारीत रफ, वेट अशी टेरेन बटणे दिसतात, परंतु त्यांच्या डिझेल गाड्या पुढच्या चाकांच्याच आहेत. ती बटणे ब्रेक आणि इंजिनाचा प्रतिसाद बदलतात, मागच्या चाकांना जोर देत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या श्रेणीत मागच्या एक्सलला, दोन्ही चाके एकत्र जखडणारे, यांत्रिक लॉक देण्यात आले, आणि कमी खर्चात, मागे खताच्या बॅगांचे वजन असताना, ते पुष्कळ ठिकाणी गाडी काढून देते. खात्री करायची असेल तर फोर-लो लिहिलेली दांडी किंवा बटण स्वतः पाहावे आणि विक्रेत्याला ते लावून गाडी हलवून दाखवायला सांगावे.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून थांबावे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहते पाणी गाडीला उचलून बाजूला ढकलते, आणि उचललेल्या गाडीला चार चाके असली काय आणि दोन असली काय, धरायला जमीनच नसते.

निगा राखण्यातही दोन्हींच्या सवयी वेगळ्या आहेत. ऑल-व्हील ड्राइव्हला चारही टायर सारख्या झिजेचे लागतात. पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या खुंटाने एक टायर बाजूने फाटला म्हणून एकच नवा बसवला, तर त्याचा घेर बाकीच्यांपेक्षा मोठा होतो, यंत्रणा त्याला सततचे घसरणे समजते आणि जोडणी विनाकारण झिजते. निदान एका एक्सलचे दोन टायर बदलून उरलेल्यांशी घेर जुळवून घ्यावा. फोर-बाय-फोरला उलट रिकामे राहणे बाधते. दिवाळीनंतर सहा-आठ महिने दांडी हललीच नाही तर ती जाम होते, म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर फोर-हायमध्ये आणि मग थांबून फोर-लोमध्ये सरळ चालवावे, आणि गाऱ्यातून किंवा नाल्यातून आल्यावर दोन्ही डिफरन्शियल व ट्रान्सफर केसचे तेल पाणी शिरून पांढरट झाले आहे का, ते मेकॅनिककडून पाहून घ्यावे. जुनी फोर-बाय-फोर विकत घेताना हीच तपासणी सर्वांत आधी करावी: टू-हायवरून फोर-लोवर दांडी सहज जाते का, गेल्यावर पुढची चाके खरोखर ओढतात का, आणि परत येताना ती अडते का.