आखूड पिस्तूल आणि लाल ठिपका

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये 'स्टँडर्ड' डिव्हिजनचं (गटाचं) पिस्तूल तपासायला एक खोका असतो: २२५ × १५० × ४५ मिलिमीटर. त्यात मावलं तरच ते चालतं. 'ओपन' डिव्हिजनला असा खोका नाही. पुढे उसळी दाबणारा कॉम्पेन्सेटर लावा, वर नेम धरायला लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट बसवा, हवं तेवढं लांब करा. तरीही ओपनमधले कित्येक जण मुद्दाम आखूड पिस्तूल घेतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

राही सरनोबतमुळे आपल्याला ओळखीचं झालेलं २५ मीटर पिस्तूल एका जागी उभं राहून खेळतात. १९७६मध्ये अमेरिकेतल्या मिझुरीत जन्मलेल्या आयपीएससी, म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या या खेळात नेमबाज धावतो, आडोशामागून वाकतो, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर वळतो. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा त्याचा हिशेब. म्हणून पिस्तूल किती चटकन वळतं आणि वळून किती चटकन थांबतं, याला मोल आहे.

लांब काठी टोकाला धरून फिरवून बघा, मग तीच थोडी आत धरून फिरवा. फरक मनगटालाच कळतो. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गानुसार वाढतो. मनगटापासून २० सेंटीमीटरवरचं वजन १७वर आणलं, तर त्या वजनापुरता विरोध जवळजवळ २८ टक्क्यांनी घटतो. आखूड पिस्तुलाचा सगळा फायदा या तीन सेंटीमीटरमध्ये आहे.

तोटाही तिथेच आहे. वळवताना कमी अडणारं पिस्तूल गोळी सुटल्यावर उसळतानाही कमी अडतं. ओपनमध्ये 'मेजर', म्हणजे जोरदार काडतुसाला मिळणाऱ्या चढ्या गुणांसाठी पॉवर फॅक्टर किमान १६० लागतो: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ८ ग्रॅमची गोळी १३०० फूट वेगाने गेली तर १६१.२ भरतात. नळी आखूड असली की वायूला गोळी ढकलायला अंतर कमी मिळतं, वेग घटतो, आणि नियम मात्र तोच राहतो.

इथे कॉम्पेन्सेटर कामाला येतो. गोळीमागून येणारा वायू तो वरच्या भोकांतून सोडतो आणि त्या धक्क्याने नळीचं तोंड खाली दाबलं जातं. आखूड नळीतून वायू जास्त दाबाने बाहेर पडतो, त्यामुळे कॉम्पेन्सेटरला भरपूर खाद्य मिळतं. पण तो हाताच्या जवळ आल्याने त्याची तरफही आखूड होते. शिवाय आवाज आणि भपका वाढतो, आडोशाच्या अरुंद खिडकीतून नेम धरताना हे फार जाणवतं. दर गोळीला मागे-पुढे सरकणारी वरची स्लाइड आखूड असली की सहसा हलकी असते. ती पुढे येऊन आदळताना तोंड कमी झुकतं, आणि मला हा फायदा वळण्याच्या वेगाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता वेगाची किंमत बघा. १२ गोळ्या, सगळ्या 'ए'मध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या ५ गुणांच्या भागात: ६० गुण. ६ सेकंदांत संपवलं तर भागाकार १०. आखूड पिस्तुलाने ०.३ सेकंद वाचवून ५.७मध्ये संपवलं, पण उसळीमुळे एक गोळी कडेच्या 'डी'मध्ये गेली, तर मेजरमध्ये ५ऐवजी २ गुण मिळतात. ५७ भागिले ५.७, पुन्हा १०. कमावलेलं सगळं एका गोळीत गेलं!

म्हणून निवडताना उसळीची उंची मोजत बसू नका, ठिपका बघा. रेड डॉटमध्ये एका बारीक दिव्याचा प्रकाश काचेवरून परतून समांतर होतो, म्हणून ठिपका दूर टार्गेटवर टेकल्यासारखा दिसतो आणि डोळा टार्गेटवरच ठेवता येतो. ओळखीच्या नेमबाजाचं आखूड आणि त्याच क्लबमधलं पूर्ण लांबीचं पिस्तूल रेंजवर मागून घ्या. दोन्हींतून मातीच्या बांधावर सहा-सहा गोळ्या लागोपाठ झाडा, टार्गेट न लावता. दर गोळीला ठिपका काचेत एक रेघ ओढून परत येतो. तो वर कितीही जाऊ दे. सहाही वेळा त्याच वाटेने त्याच जागी परतला, तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं आहे. कधी डावीकडे, कधी काचेबाहेर जात असेल, तर सध्या लांबच घ्या. पकड पक्की झाल्यावर हीच सहा गोळ्यांची परीक्षा पुन्हा करून बघा.