फाइल दूषित होणे (संगणकशास्त्र)

साठवताना, नक्कल करताना वा पाठवताना संगणकीय फाइलीतील काही बिट (माहितीचे ० वा १ असे सर्वांत लहान एकक) बदलल्यामुळे किंवा गळाल्यामुळे ती उघडेनाशी होणे अथवा चुकीची उघडणे.

बिट आपोआप का बदलतात याविषयी मतभेद आहेत. १९७८ च्या सुमारास इंटेलमधील मे व वुड्स यांनी चिपच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्याकडे, म्हणजे त्यातून निघणाऱ्या अल्फा कणांकडे बोट दाखवले. १९७९ मध्ये झीग्लर व लॅनफर्ड यांनी वैश्विक किरणांचा मुद्दा मांडला. या किरणांचा मारा उंचीबरोबर वाढतो. समुद्रालगतच्या पणजीत तो लेहच्या मानाने बराच कमी. पुढे २००९ मध्ये श्रोडर, पिन्हेरो व वेबर यांनी गूगलच्या संगणकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार स्मृतीतील चुकांचे मोठे कारण सदोष भाग हेच असावे. गोव्यापुरते पाहता किरणांचा शोध घेण्याआधी पावसाळ्यात लिखाण चालू असतानाच जाणारी वीज, दमट हवेने गंजलेली जोडणी आणि घाईत उपटलेला पेन ड्राइव्ह यांच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक.

डॉक्स प्रकारची (वर्डची) फाइल वस्तुतः झिप, म्हणजे अनेक घटक दाबून एकत्र बांधलेले गाठोडे, असते. तिच्या आरंभी 'पीके' ही अक्षरे (झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरे) व शेवटी आतील घटकांची सूची असते. पेन ड्राइव्ह मध्येच काढला की शेपूट तुटते, सूची हरवते आणि वर्ड सगळीच फाइल नाकारतो. मजकूर मात्र पुष्कळदा आत शाबूत असतो व झिप-दुरुस्तीने निघतो. प्रयोग नेहमी नकलेवर करावेत. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतील (फॉन्टमधील) मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, तो दोष टंकाचा. अशा फाइलीची 'दुरुस्ती' करू नये, टंक बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

हेतुपुरस्सर बिघाडाचे टोक म्हणजे खंडणीचे विषाणू. यांतील पहिला बहुधा १९८९ चा 'एड्स ट्रोजन'. मात्र तो फाइलींचा मजकूर नव्हे, नावे कूटबद्ध करी. किरकोळ प्रकार विद्यार्थ्यांचा: मुदत टळू नये म्हणून मुद्दाम मोडलेली फाइल जमा करायची आणि 'सर, उघडत नाही का?' म्हणून दोन दिवस मिळवायचे. एखादे चित्र नाव बदलून डॉक्स केले असेल, तर आरंभीची 'पीके' अक्षरे नसतात व लबाडी तिथेच उघडी पडते. मधलेच बाइट (आठ बिटांचे गट) पुसले असतील, तर फाइलीवरून अपघात की कावा हे सांगणे कठीण.

दुसऱ्याच्या संगणकातील माहिती परवानगीविना नष्ट करणे वा बदलणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार फाइल न्यायालयात पुरावा म्हणून देताना कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्यही (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलताच बदलणारा ठसा) नोंदवावे लागते.