व्हिसाच्या फाइलमधल्या प्रत्येक कागदाला जन्मतारीख आहे

आईबाबांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा व्हिसा, काढायचाय म्हणून गेल्या रविवारी कोथरूडच्या घरी डायनिंग टेबलावर सगळे कागद मांडून बसलो होतो. तीन वर्षांचे आयटीआर, बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, फ्लॅटची इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग, फोटो, कव्हर लेटर. बाबा सगळं बघत होते आणि मग म्हणाले, अरे आपण बारा दिवस फिरायला चाललोय, त्यांना माझ्या घराचे कागद कशाला हवेत? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं. मला मनापासून वाटतं की पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं, कारण कुठला कागद कशातून आला हे कळलं की फाइल लावताना भीती वाटत नाही.

सुरुवात अशी की पूर्वी हे काहीच नव्हतं. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. त्यांना अडवणारे होते ते आपल्याकडचेच, समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणारे. तिकडे युरोपात तर फ्रान्सने १८६१ मध्येच पासपोर्टची सक्ती काढून टाकली होती, रेल्वे आली, माणसांची ये-जा इतकी वाढली की सीमेवर एकेकाचे कागद तपासणं जमेचना, मग बाकीच्या देशांनीही हळूहळू ढिलाई दिली.

हे सगळं बदललं पहिल्या महायुद्धात. परका माणूस म्हणजे हेर असू शकतो ही भीती बसली. आणि ती उगाच नव्हती. कार्ल लोडी नावाचा एक जर्मन हेर १९१४ मध्ये चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनभर फिरत होता. पासपोर्ट खराच होता, फक्त त्यावर फोटो नव्हता, त्यामुळे तो कुणाच्याही हातात चालून गेला. लोडी पकडला गेला आणि नोव्हेंबरमध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर पासपोर्टवर फोटो सक्तीचा होत गेला. आज आपण फोटोवाल्याकडे जाऊन ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पाठ, चष्मा काढा असं करतो ना, त्याचं मूळ तिथे आहे. आईचा फोटो आम्ही दोनदा काढला, पहिल्यात कपाळावर केस आले होते.

आपल्याकडेही पासपोर्ट त्याच युद्धात आला. डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली हिंदुस्थानातून बाहेर जायला आणि आत यायला पासपोर्ट सक्तीचा झाला, युद्ध संपल्यावर तो कायदा संपणार म्हणून १९२० मध्ये वेगळा पासपोर्ट कायदाच केला. आणि हा कागद फक्त ओळखीचा नव्हता, परवानगीचा होता, याचा सगळ्यात मोठा अनुभव पुण्यानेच घेतलाय. १९१८ मध्ये लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले, आणि तिथे लंडनहून हुकूम आला की पासपोर्ट रद्द. सगळे परत. त्याच वर्षी पुढे चिरोल केससाठी, म्हणजे ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी केलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी, त्यांना जाऊ दिलं, तेही राजकीय चळवळ करायची नाही अशी अट घालून. बाहेर जाणं हा आपला हक्क आहे हे आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हणायला १९६७ साल उजाडलं, सतवंत सिंग साहनी केसमध्ये, आणि त्यातूनच त्याच वर्षीचा आजचा पासपोर्ट कायदा आला.

व्हिसा शब्द लॅटिन, अर्थ 'पाहिलेला' कागद. म्हणजे मुळात तुमचा पासपोर्ट आमच्या माणसाने आधीच बघितलाय एवढाच तो शिक्का. युद्ध संपल्यावर हे सगळं काढून टाकू असं वाटत होतं, १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्सची) परिषद भरली, पण तिथून पासपोर्ट गेला नाही, उलट ३२ पानांचं पुस्तक असावं असा नमुनाच ठरला. तात्पुरतं म्हणून आलं ते कायमचं झालं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. घराचे कागद का? युद्धाच्या वेळी प्रश्न होता हा माणूस शत्रू तर नाही ना. नंतरच्या काळात प्रश्न बदलला, हा माणूस परत जाईल ना. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ बी म्हणून कलम आहे, त्यात स्पष्ट आहे की टुरिस्ट व्हिसा मागणारा माणूस तिथे राहायलाच येतोय असं धरून चालायचं, उलटं सिद्ध करायचं काम त्याचं. इतर देशांचे कायदे वेगळे, पण विचार तोच. म्हणून फ्लॅट, पेन्शन, नातवंडं, नोकरीचं रजापत्र, हे सगळे तुमचे इथले धागे दाखवणारे कागद. पैसे किती आहेत यापेक्षा तुम्ही इथे किती गुंतलेले आहात हे त्यांना बघायचं असतं, आणि बरेच लोक इथेच चुकतात, शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी चार लाख खात्यावर घेतात आणि स्टेटमेंटवर ते लगेच उठून दिसतं.

इंग्लंडचं तर अजून वेगळं. १९८६ पर्यंत भारतीय माणसाला तिथे फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढायलाच लागायचा नाही, हीथ्रोवर उतरायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शिक्का मारून आत. त्या वर्षी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरियाच्या लोकांना व्हिसा सक्तीचा करायचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी अजून एक कायदा आला, बिनव्हिसाचा प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी हजार पौंड दंड. तेव्हापासून व्हिसा बघायचं काम चेक-इन काउंटरवरच सुरू झालं. लोहगावला बॅगा टाकताना ती मुलगी पासपोर्टची पानं उलटत असते ते यासाठी.

बँक स्टेटमेंटबद्दल एक सांगायलाच हवं. साठच्या दशकात आपल्याकडून परदेशी जाणाऱ्याला सोबत जेमतेम आठ डॉलर न्यायची मुभा होती, त्यामुळे तिथे कुणी नातेवाईक असल्याशिवाय फिरायला जाणं शक्यच नव्हतं. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची सोय सुरू केली, आता ती अडीच लाख डॉलर आहे. मध्यमवर्गीय पुणेकर स्वतःच्या पैशाने युरोप बघायला लागला त्यामागे हा बदल फार मोठा आहे, व्हिसापेक्षाही मोठा असं माझं मत. आमचं स्टेटमेंट मात्र आधी परत आलं, बँकेने प्रत्येक पानावर शिक्का मारला नव्हता, बाबा परत जाऊन तासभर थांबून मारून आले.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं छोटं गाव, १४ जून १९८५ ला तिथे मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, प्रत्यक्षात सीमा उघडल्या मार्च १९९५ मध्ये. त्याआधी युरोप टूर म्हणजे देशागणिक वेगळा व्हिसा. स्वित्झर्लंड तर डिसेंबर २००८ मध्ये आत आलं, तोपर्यंत त्याचा व्हिसा वेगळा काढायला लागायचा. आता एका स्टिकरवर २९ देश. ३० हजार युरोचा इन्शुरन्स २००४ पासून, बोटांचे ठसे भारतात नोव्हेंबर २०१५ पासून, फी ३५ युरो होती ती ६०, मग ८०, आणि जून २०२४ पासून ९०, नाकारला तरी परत मिळत नाही.

आणि कागद द्यायला जायचं कुठे, तर पूर्वी मुंबई. रात्रीची एसटी पकडून पहाटे दादरला उतरायचं आणि वकिलातीच्या दारात रांग लावायची. २००१ मध्ये व्हीएफएस ही खाजगी कंपनी सुरू झाली, कागद गोळा करायचं काम तिच्याकडे दिलं गेलं, हळूहळू पुण्यातही सेंटर आलं. निर्णय अजूनही वकिलातच घेते, सेंटरवरच्या माणसाला विचारून काही उपयोग नसतो.

आईबाबांचे ठसे दोन वर्षांपूर्वीच्या ट्रिपला घेतलेत, ते ५९ महिने चालतात, म्हणून या वेळी पुन्हा बोटं द्यायला लागू नयेत. आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम आलाय की तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरून वेळेत परत आलेल्या माणसाला पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून फाइलमध्ये सगळ्यात वर, कव्हर लेटरच्याही आधी, मागच्या स्टिकरची आणि परत आल्याच्या शिक्क्याची झेरॉक्स लावलीये.