भरतकामातली आयती फुलबाग

भरतकाम शिकणाऱ्याच्या हातात पहिली रिंग येते तेव्हा तिच्यातल्या कापडावर बहुधा एक बाग छापलेली असते. उतरत्या छपराचं घर, कुंपण, कुंपणाला टेकलेली उंच फुलझाडं, पायवाटेच्या कडेने ठिपक्यांसारखी बारीक फुलं. सोबत रंगीत लड्या आणि कुठे कोणता टाका घालायचा याचा तक्ता. इतकी फुलंच का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: फुलं सोपी म्हणून. ते अर्धंच खरं आहे. साखळी टाक्याचा एक सुटा फासा म्हणजे लेझी डेझीची पाकळी, असे पाच फासे आणि मधे पिवळी फ्रेंच नॉट, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून घातलेली गाठ, की झालं फूल. हे पहिल्या दिवशी जमतं. पण त्याच व्यक्तीला कोरं कापड देऊन ‘आता तूच एक फूल काढ’ म्हणा, सुई हातातच राहते. रेघ आधीच कुणीतरी काढून दिलेली असते, सगळा सोपेपणा तिथला आहे. म्हणून या बागेचा इतिहास टाक्यांमध्ये फारसा सापडत नाही, तो नक्षी आखणाऱ्यांच्या मागे जाऊन शोधावा लागतो.

भारतात आखणारा आणि भरणारा ही दोन माणसं बहुतेक ठिकाणी वेगळी होती, अजूनही आहेत. लखनौच्या चिकनकारीत लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात नक्षी छापून मग कापड बायकांकडे जातं. काश्मीरमध्ये नक्काश कागदावर नक्षी काढतो, रेघांवर सुईने भोकं पाडतो आणि भुकटी घासून ती कापडावर उतरवतो. भरणाऱ्याचं कौशल्य मोठंच, पण फुलाचा आकार त्याचा नसतो.

तो आकार आला कुठून याचा एक धागा मुघल दरबारात मिळतो. 1620 मध्ये जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा तिथल्या फुलांनी इतका हरखला, की चित्रकार मन्सूरने काढलेली फुलं शंभरावर गेल्याचं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. त्या सुमारास एक मांडणी रूढ झाली: कोऱ्या पार्श्वभूमीवर एकच रोप, बाजूने पाहिलेलं, प्रत्येक पाकळी मोकळी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच काळातला पांढऱ्या सॅटिनचा एक शिकारी अंगरखा आहे. त्यावर बारीक साखळी टाक्याने फुलझाडं, वृक्ष आणि प्राणी भरले आहेत. गुजरातचे मोची कारागीर आरीने, म्हणजे आकडा असलेल्या सुईने, असं काम करण्यात नावाजलेले होते. गंमत अशी की रोप असं सुटं, समोर उभं करून दाखवण्यामागे युरोपातून दरबारात आलेल्या वनस्पतिग्रंथांचा हात आहे, असं अनेक अभ्यासक मानतात.

आणि तसलेच ग्रंथ तिकडे इंग्लंडमध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांच्याही हाती होते. तिथल्या हार्डविक हॉल या जुन्या वाड्यात अष्टकोनी तुकड्यांवर भरलेली रोपं आहेत, त्यांचे मूळ नमुने मॅटिओली या इटालियन वैद्याच्या वनौषधींच्या पुस्तकातल्या, ठशांनी छापलेल्या चित्रांमध्ये आहेत. औषधी ओळखता यावी म्हणून काढलेलं चित्र नक्षी म्हणून वापरणं तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. मागणी इतकी होती की जाक ल म्वान या फ्रेंच चित्रकाराने 1586 मध्ये लंडनमध्ये फुलं, फळं आणि प्राणी यांच्या ठशांचं एक छोटं पुस्तकच काढलं, कारागिरांनी उचलावं म्हणून. अशी नमुन्यांची पुस्तकं आज फार थोडी उरली आहेत, कारण ती वापरून संपायची. पान कापडावर ठेवायचं, रेघेरेघेवर भोकं पाडायची, कोळशाची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून वरून थोपटायची. पान उचललं की खाली ठिपक्यांची रेघ. चार-सहा वेळा हे केलं की कागदाची चाळण होते.

पुस्तक परवडत नसेल तर दुसरा मार्ग होता: कुणाकडे चांगलं फूल दिसलं की ते आपल्या कापडाच्या पट्टीवर भरून ठेवायचं. हे नमुनापट मुळात भिंतीवर टांगायला नव्हतेच, गुंडाळून पेटीत ठेवायचे आणि गरज लागली की उलगडायचे. तारीख घातलेला सगळ्यात जुना इंग्रजी नमुनापट 1598 चा, जेन बोस्टॉक हिने भरलेला. त्यावर रोपं आहेत, प्राणी आहेत, अक्षरं आहेत आणि अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीच्या 1596 मधल्या जन्माची नोंदही आहे. शाळकरी मुलींकडून मुळाक्षरं आणि सुविचार भरून घेण्याची प्रथा नंतरची.

मग व्यापार आला आणि फुलं दोन्हीकडून ये-जा करू लागली. 1643 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेला कळवलं, की रंगवलेल्या रजयांची लाल जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, सगळ्या गिऱ्हाइकांना रुचत नाही, पांढरी जमीन जास्त ठेवा आणि मधे फांद्या-फुलं रंगात येऊ द्या, चित्रकाराला वाटेल तशी. पुढे त्या शतकात इंग्लंडमधल्या पलंगांच्या पडद्यांवर लोकरी दोऱ्याने जी वळणदार झाडं भरली गेली, त्यांचं भारतीय छापील-रंगीत कापडांशी असलेलं नातं उघड दिसतं. मूळ कुणाचं आणि नक्कल कुणाची, हे त्यानंतर सांगणं अवघडच.

एकोणिसाव्या शतकात आखणीचा धंदा झाला. आधी बर्लिनहून चौकटींच्या कागदावरचे रंगीत तक्ते आले. चौकट मोजा, टाका घाला, की लोकरीचा गुलाब तयार. इंग्लंडमधले नक्षीकार विल्यम मॉरिस यांना ही बटबटीत फुलं मुळीच मान्य नव्हती. त्यांची मुलगी मे मॉरिस 1885 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांच्या कंपनीचा भरतकाम विभाग सांभाळू लागली. पण हाताच्या कामाचा एवढा आग्रह धरणारी ही कंपनीसुद्धा नक्षी छापलेलं कापड आणि रेशीम असा संच विकत होती, आणि काही संचांत एक कोपरा आधीच भरून दिलेला असायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला रंग चुकायची भीती नको. आजच्या किटचे हे सरळ पूर्वज. 1870च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने इस्त्री फिरवली की कापडावर उतरणारी छापील नक्षी आणली. भोकं नकोत, पूड नको आणि चित्र काढता येणं तर नकोच.

दोऱ्याचीही सोय याच काळात झाली. जॉन मर्सर यांनी 1844 मध्ये सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला होता. पुढे 1890च्या आसपास हॉरेस लो यांनी धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा सुताला रेशमासारखी चमक आली. स्वस्त, चमकदार, पक्क्या रंगाचा सुती दोरा मिळाल्यावर बाग भरणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. सहा पदरांची आठ मीटरची लडी, त्यातले दोन-तीन पदर सुटे करून सुईत ओवायचे, ही पद्धत आपल्याकडेही घरोघर तशीच आहे.

कुंपण आणि घर असलेली बाग मात्र 1920-30च्या दशकांतली. महिलांच्या मासिकांसोबत इस्त्रीच्या नक्ष्या येऊ लागल्या आणि त्यांत घेरदार झग्यातली, टोपीआड चेहरा लपलेली एक बाई हॉलिहॉकच्या उंच फुलझाडांशेजारी उभी राहिली. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, चहाच्या किटलीची टोपरी, सगळीकडे तीच. चेहरा लपवल्यामुळे तो भरायचं अवघड काम टळतं, हे नक्षीकाराचं चातुर्य. फुलांची निवडही टाक्यांनी केलेली दिसते: हॉलिहॉक म्हणजे काज टाक्याचं गोल चक्र, डेल्फिनियम म्हणजे लेझी डेझीचा उभा तुरा, वाटेकडेची फुलं म्हणजे नुसत्या गाठी. ही खेड्यातल्या घरापुढची बाग तेव्हा स्वतःच एक फॅशन होती आणि ती रुजवण्यात बागा आखणाऱ्या गर्ट्रूड जेकिल यांचा वाटा मोठा. त्या आधी भरतकाम आणि चित्रकला करत. नजर फार अधू होत गेल्याने 1891 मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितलं, आणि त्या बागांकडे पूर्णपणे वळल्या.

अशा आयत्या नक्षीला विरोध त्याआधीच सुरू झाला होता आणि मला तो या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. ग्लासगोच्या कलाशाळेत जेसी न्यूबेरी यांनी 1894 मध्ये भरतकामाचा वर्ग सुरू केला. साधं कापड, थोडे टाके आणि नक्षी स्वतःची, हा त्यांचा आग्रह. तिथला प्रसिद्ध गुलाब म्हणजे कापलेल्या कापडाचा जेमतेम गोल तुकडा आणि त्यावर पाकळ्या सुचवणाऱ्या काही रेघा. असा गुलाब कुणालाही कात्रीने काढता येतो. त्यांच्या नंतर आलेल्या अ‍ॅन मॅकबेथ यांनी मार्गारेट स्वान्सन यांच्याबरोबर 1911 मध्ये शाळांसाठी पुस्तक लिहिलं. लहान मुलांना पांढऱ्यावर पांढरे बारीक टाके घालायला लावून डोळे फोडू नका, ठळक रंगाचा जाड दोरा आणि मोठे टाके द्या, असा त्याचा रोख. बाजाराने मात्र इस्त्रीची नक्षीच उचलली.

आपल्याकडे हे सगळं दोन-तीन वाटांनी पोचलं. मिशनरी बायकांनी चालवलेल्या मुलींच्या शाळांत शिवणकाम होतंच. 1909 मध्ये सुरू झालेल्या आणि रमाबाई रानड्यांनी वाढवलेल्या पुण्याच्या सेवासदनात बायकांना चार पैसे मिळवता यावेत म्हणून शिवण आणि हस्तकलांचे वर्ग होते. मुंबईच्या पारशी घरांत चीनच्या व्यापारातून आलेल्या गारा साड्या होत्या, पॅगोडा, पूल, पक्षी, शेवंती यांनी भरलेल्या. पण ते सराईत चिनी कारागिरांचं काम, शिकाऊ हातांना पेलणारं नव्हे. शिकाऊ हातांसाठी होती दुकानातून छापून आणलेली नक्षी किंवा घरी पिवळ्या कार्बनवरून उतरवलेली. ती रुखवतात मांडली जायची. त्यामुळे विदर्भातल्या लग्नातही उशीच्या अभ्र्यावर धुराडं असलेलं इंग्रजी घर दिसायचं, पाहुणे कौतुक करायचे आणि त्या धुराड्याविषयी कुणी काही विचारायचं नाही.

आता नक्ष्या फोनवर मिळतात आणि पाण्यात विरघळणाऱ्या चिकट कागदावर छापून कापडाला लावता येतात. फुलं बहुतेक तीच, डेझी आणि लॅव्हेंडर. मोगरा, जास्वंद शोधणाऱ्याला अजून स्वतःच पेन्सिल घ्यावी लागते. अबोलीचंच पाहा. तिच्या पाकळ्या एका बाजूला पंख्यासारख्या पसरतात, गोलात बसवलेले पाच फासे तिथे चालत नाहीत. एकाच भोकातून वर काढलेले, टोकाशी थोडे फाकणारे चार-पाच सरळ टाके घातले आणि मधला किंचित लांब ठेवला की ती ओळखू येते. दोरा केशरीच्या दोन छटांचा घ्यावा, प्रत्येकी एक पदर, सुईत एकत्र ओवून.