दगडाचा चुना, चुन्याचा दगड

शाळेत एक सोपी खूण सांगतात: बर्फाचं पाणी आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणून तो भौतिक बदल, जळलेला कागद परत मिळत नाही, म्हणून तो रासायनिक. परीक्षेपुरतं हे चालतं. चुन्याच्या भट्टीपाशी चालत नाही.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. कोकणात शिंपले भाजून चुना करत, त्यांतही तेच. साधारण ९०० अंश सेल्सिअसला त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो असेल तर चुना ५६ किलो. बाकीचे ४४ किलो हवेत. भाजलेला खडा दिसतो जवळपास तसाच, हाताला मात्र हलका लागतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५०च्या दशकात तराजूवर ही घट नेमकी मोजली आणि नेहमीच्या हवेहून वेगळा वायू दगडात कोंडलेला असतो, हे दाखवून दिलं.

आता या खड्यांवर पाणी ओता. ते चरचरतात, फुटतात, वाफा निघतात. एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यातून इतकी उष्णता बाहेर पडते की तीन लिटर पाण्याला उकळी यावी. तयार होतं कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतो तोच चुना.

गडांवर दिसणाऱ्या घाण्यांत हाच चुना वाळूबरोबर मळला जाई. बांधकामात तो आधी सुकतो. पाणी उडून जाणं हा निव्वळ भौतिक बदल. खरी घट्टाई नंतर येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत चुना पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो, भट्टीत गेला होता तोच पदार्थ! हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षं चालतं. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीही याच क्रियेने. फक्त श्वासात हा वायू भरपूर असल्याने लगेच.

म्हणजे रासायनिक बदल उलटवता येतो. उलट फुटलेली कपबशी घ्या: पदार्थ तोच, बदल भौतिक, पण जोडून दाखवा! तेव्हा परत फिरता येतं का, हे विचारून भागत नाही. नवा पदार्थ तयार झाला का, हे पाहावं लागतं. डबीतल्या चुन्यावर हे तपासता येईल. नुसता सुकलेला चुना पाण्याने पुन्हा मऊ होतो. फार दिवस उघडा राहून वर धरलेली कडक पापडी कितीही भिजवा, मऊ होत नाही.