पॅनेल लायनिंग आणि वॉश : बाटली एक, कामं दोन

गोव्यात डिचोलीच्या घरी बाल्कनीत सध्या १/१४४ मापाचा एक गंडम, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाचं प्लास्टिक मॉडेल, रंगवायला घेतलाय. मूळ किट पांढरं-निळं आहे, पण माझ्या मनातला यंत्रमानव खाणीवर राबणारा, म्हणून अंगावर पिवळा रंग आणि पायाखाली जांभ्या दगडाचा तळ. भाचा शेजारी बसून बघत होता. एकाच काळपट पातळ रंगात मी दोनदा ब्रश बुडवला. एकदा म्हटलं लायनिंग, एकदा वॉश. "मामा, रंग तर तोच आहे!" खरंच तोच होता. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो.

१८ मीटर उंचीचं यंत्र या मापात १२.५ सेंटिमीटरचं होतं. चिलखताच्या पत्र्यांमधली फट केसाएवढी उरते आणि तिला स्वतःची सावली पडत नाही. ती सावली आपण भरतो, ते लायनिंग. ब्रशचं टोक खाचेच्या कोपऱ्याला नुसतं टेकवायचं. पातळ एनॅमल (थिनरमध्ये विरघळणारा रंग) आपणहून खाचेतून धावत जातं, दंडावरून कोपरापर्यंत, बघत राहावं असं. बाहेर सांडलेलं वाळल्यावर थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या इअरबडने पुसायचं. १९८० मध्ये बांदाईने काढलेलं पहिलं गंडम किट एकरंगी होतं, गोंद आणि रंग दोन्ही लागायचे. आजची किटं रंगीत प्लास्टिकची आणि नुसती दाबून जुळणारी, त्यामुळे बाकी काही न रंगवता फक्त लायनिंग केलं तरी मॉडेल उठून दिसतं.

वॉश खाचेपुरता थांबत नाही. तो सगळ्या पृष्ठभागावर फिरवायचा, खोलगट जागी साचू द्यायचा, आणि पुसताना थोडा मागे ठेवायचा. लायनिंगने यंत्राची घडण कळते, वॉशने त्याचं वय.

म्हणूनच खालचा थर महत्त्वाचा. लायनिंगला ग्लॉस, म्हणजे चकचकीत गुळगुळीत थर हवा. मॅटवर, म्हणजे चमक नसलेल्या खरखरीत थरावर केलंत तर टीपकागदावर शाई पडावी तसा रंग फुटतो आणि डाग निघत नाही. वॉशला तोच खरखरीतपणा उपयोगी पडतो, मळ धरून ठेवतो. मी आधी ग्लॉस मारतो, लायनिंग करतो, त्यावर एनॅमल थिनरला दाद न देणाऱ्या लॅकर मॅटचा थर देतो आणि मगच वॉश लावतो. मधला थर नसेल तर वॉशचं थिनर आधीची रेघ पुसून नेतं.

एनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकवर भरपूर ओतू नका. गेल्या वर्षी माझ्या एका मॉडेलचा कंबरेचा सांधा असाच तडकला. घट्ट बसवलेल्या भागावर आधीच ताण असतो, थिनर तिथेच शिरतं. सांधे सुटे करा, लॅकरचा थर द्या, मग हात लावा. आणि जुलैत, भर पावसात, मॅटचा स्प्रे मारू नका; हवेतल्या दमटपणाने पांढरी साय धरते.

वॉश कुठे लावायचा हे आमच्याकडच्या खनिजाच्या ट्रकांकडे बघून शिकलो. तांबडी धूळ चाकांच्या वर, दाराच्या खालच्या कडेला, बिजागऱ्यांपाशी बसते. टपावरची पावसात धुऊन जाते. म्हणून माझ्या यंत्रमानवाच्या छातीवर फक्त लायनिंग आहे, वॉश गुडघ्याच्या खाली.

तळाला लायनिंग नाहीच. थर्माकोल कोरून, टोकदार काडीने जांभ्याची भोकं पाडली, वर पिवळसर तपकिरी ॲक्रिलिक दिलं. वॉशही पाण्यातला ॲक्रिलिकच, कारण थिनर थर्माकोल खातं. गडद वॉश भोकांत उतरला आणि थर्माकोलचा एकदम दगड झाला! कडांवर सुक्या ब्रशने नारिंगी फिरवलं, चहाच्या गाळणीतून चाळलेली अंगणातली माती पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरली. आता त्याच मातीच्या रंगाचा वॉश कालवून तळव्यापासून घोट्यापर्यंत चढवतोय. तोवर पाय तळावर नुसते ठेवल्यासारखे दिसत होते.