लंगोट-बदल (बालसंगोपन)

लंगोट-बदल : तान्ह्या बाळाचे ओले किंवा घाण झालेले कापड (अथवा डायपर) काढून, अंग पुसून कोरडे करून नवे बांधण्याची क्रिया. जन्मापासून साधारण दोन-अडीच वर्षे हे काम चालते. नवजात बाळ चोवीस तासांत 15 ते 20 वेळाही शू करते, त्यामुळे पहिल्या तीन-चार महिन्यांत घराचा सगळा दिवस या कामाभोवतीच फिरतो. गोव्यातल्या घरांत त्यावर दोन गोष्टींची छाप पडलेली दिसते : बाळंतिणीच्या खोलीतला जुना दिनक्रम आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस.

लंगोटासाठी नवे कापड चालत नाही. आजीचे सुती लुगडे किंवा आजोबांचे धोतर, शेकडो वेळा धुऊन मऊ पडलेले, हेच खरे लंगोटाचे कापड. अशा जुनेराचे चौकोनी तुकडे फाडायचे, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोण करायचा, लांब बाजू कमरेखाली घ्यायची आणि तिसरे टोक पायांमधून वर आणून पोटावर तिन्ही टोके गाठायची. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला जादा घडी देतात, मुलगी असेल तर खाली. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले एक-दोन आठवडे, गाठ बेंबीच्या खाली राहिली पाहिजे. नाळेला ओल लागू देऊ नये. लंगोटाखाली दुपटे आणि दुपट्याखाली मेणकापड असा थर असतो. नाडीचे शिवलेले लंगोट आणि बटणांचे, आत पॅड घालायचे कापडी डायपर आता म्हापसा-मडगावच्या बाजारात सहज मिळतात.

दिनक्रमात बसवणे. घड्याळ लावून दर दोन तासांनी लंगोट बदलायचा, असे ठरवून सुरुवात करणारे आईबाप आठवड्याभरात थकतात. बाळाच्या दिवसाला स्वतःचे थांबे असतात : जाग, दूध, मालिश, न्हाण, झोप. बदल त्या थांब्यांना बांधून टाकला की वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. शी मात्र कोणत्याही थांब्याची वाट न पाहता लगेच काढायची.

दुधाच्या वेळेबद्दल घराघरांत मतभेद असतात. आधी बदलावे की नंतर? पोटात दूध गेले की आतड्यांना चालना मिळते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बरीच बाळे पिता पिताच शी करतात. आधी बदललेला लंगोट मग पाच मिनिटांत वाया जातो. दूध पिऊन झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, थोडे थांबावे आणि मग बदलावे, हे सर्वांत सोयीचे. त्या वेळी दोन्ही पाय वर उचलले तर दूध उलटते. कुशीवर वळवून पुसणे बरे. दूध ओढता ओढता झोपी जाणाऱ्या बाळाचा लंगोट एक बाजू पाजून झाल्यावर बदलावा. तेवढ्याने ते जागे होते आणि दुसरी बाजू नीट ओढते. ही युक्ती जुन्या सुइणींना, कोकणीत ज्यांना वयजीण म्हणतात त्यांना, चांगली ठाऊक होती.

सकाळचे न्हाण हा दिवसातला सगळ्यात मोठा थांबा. गावाकडच्या घरांत न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाखाली (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली) चुडते म्हणजे माडाची वाळलेली झावळे आणि नारळाची सोडणे पेटतात. मालिश करणारी बाई पाटावर पाय लांब सोडून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते आणि कोमट खोबरेल तेल कमरेपासून टाचांपर्यंत ओढते. या अर्ध्या तासात बाळाच्या अंगावर लंगोट नसतो. मांड्यांच्या घड्यांना वारा लागतो, कोवळे ऊन असेल तर तेही. लालसर झालेल्या कातडीला याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि नोकरीच्या घाईत लोक नेमका तोच गाळतात याचे वाईट वाटते. न्हाणानंतर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची रीत अनेक घरांत आहे. तान्ह्याच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, म्हणून डॉक्टर ती नको म्हणतात, आणि ते ऐकावे. न्हाऊन, जांघा टिपून, कोरडा लंगोट बांधलेले बाळ दिवसातली सर्वांत गाढ झोप घेते. आईची झोपही त्याच वेळी व्हावी.

रात्री नियम बदलतो. शी नसेल आणि बाळ शांत झोपले असेल तर नुसत्या शूसाठी त्याला उठवू नये. कापडी लंगोटात ओल लगेच टोचते आणि बाळ रडते. त्यामुळे दिवसा लंगोट आणि रात्री डायपर अशी वाटणी गोव्यातल्या बहुतेक तरुण घरांत रुळली आहे. आजी लोकांना ती आवडत नाही, तरी आईला सलग तीन-चार तास झोप मिळत असेल तर ही वाटणी योग्यच म्हटली पाहिजे.

पावसाळा. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी-सांगेसारख्या घाटालगतच्या तालुक्यांत त्याहून जास्त. पाऊस नसतानाही हवेत इतका दमटपणा असतो की सकाळी वलणीवर (कपडे वाळवायच्या दोरीवर) घातलेला लंगोट संध्याकाळी हाताला थंडच लागतो. उन्हाळ्यात दीड-दोन डझन लंगोटांवर भागते. आषाढात तीन डझनही पुरत नाहीत. वसरीत (ओसरीवर), माळ्याला, पंख्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे दोऱ्या बांधल्या जातात. पूर्वी निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट पसरत. कापडाला धुराचा वास लागे, पण ते खडखडीत वाळे. आता शेवटची ओल इस्त्रीने काढतात. सुकलेला वाटणारा लंगोट गालाला लावून पाहावा, बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते. अर्धवट ओला लंगोट बांधण्यापेक्षा त्या दिवशी डायपर वापरणे केव्हाही चांगले, कारण ओल आणि ऊब एकत्र आली की बुरशी धरते.

शीचे लंगोट आधी शौचालयात झटकून, साध्या पाण्याने खळबळून मग साबणाला घालावेत. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. ज्या घरात पिण्याची विहीर आहे तिथे हे धुणे विहिरीच्या काठावर करू नये. सोयर पाळणाऱ्या घरांत बाळंतिणीचे आणि बाळाचे कपडे पहिले काही दिवस वेगळे धुतात. कारण काहीही सांगितले जात असले तरी त्यातून स्वच्छता साधते. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये टाळावीत, त्यांनी कापडाचे शोषण कमी होते. पिवळे डाग साबणाने निघाले नाहीत तरी कडक उन्हात फिके पडतात, म्हणून ऑक्टोबरचे पहिले ऊन पडले की अंगणभर लंगोट दिसतात.

त्वचा. शूमधल्या युरियाचे शीतल्या जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, कातडीचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो, शीतली पाचक द्रव्ये अधिक जोमाने काम करू लागतात आणि कातडी सोलवटते. म्हणजे नुसत्या शूपेक्षा शी आणि शू एकत्र राहणे जास्त घातक. साध्या जळजळीत फुगीर भाग लाल होतो आणि जांघेच्या घड्या बहुधा वाचतात. घड्याही लालभडक झाल्या आणि कडेला सुटे पुरळ उठले तर बुरशीची शंका घ्यावी. कोमट पाणी, मऊ कापड, टिपून कोरडे करणे आणि झिंक ऑक्साईडचे मलम एवढ्यावर साधा पुरळ दोन-तीन दिवसांत उतरतो. न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढू नये. टाल्कम पावडर वापरू नये, तिची भुकटी श्वासातून आत जाते.

डायपर. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी 1946 च्या सुमारास न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून लंगोटावरचे जलरोधक आवरण शिवले. 1951 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. वापरून फेकायचे पॅम्पर्स 1961 मध्ये आले. आजच्या पातळ डायपरमधले सोडियम पॉलिअॅक्रिलेट हे चूर्ण 1980 च्या दशकात रुळले. ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीसपट शू धरून त्याची लापशी करते, म्हणून वरचा थर कोरडा वाटतो. त्या कोरडेपणावर विसंबून सहा-आठ तास तोच डायपर ठेवणे चूक; जागेपणी तीन-चार तासांत बदलावा.

वापरलेल्या डायपरचा प्रश्न गोव्यासारख्या छोट्या राज्यात जड आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार असा कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा असे, आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवरही होती; 2026 च्या नव्या नियमांत तो नीट गुंडाळून वेगळा द्यायचा आहे. आतली शी आधी शौचालयात टाकावी. डायपर शौचालयात सोडला तर सेप्टिक टाकी तुंबते. परसात जाळला तर प्लास्टिकचा धूर घरातच येतो. उघडा ठेवला तर रात्री कुत्री फाडतात. पंचायतीची गाडी रोज येत नसेल तर झाकणाचा वेगळा डबा लागतोच.

घराबाहेर. बाळाची पहिली चवथ (गणेशचतुर्थी) बहुधा मूळ घरी होते : माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मंडपीखाली, पन्नास माणसे, एक न्हाणी आणि बाहेर धो धो पाऊस. अशा वेळी मेणकापड, चार लंगोट, दोन डायपर, पाण्याची बाटली आणि ओल्या कपड्यांची बंद पिशवी वेगळी बांधून न्यावी आणि एक कोपरा आधीच मागून घ्यावा. फोंड्याच्या मोठ्या देवळांत अग्रशाळेची (भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीची) खोली या कामी येते. बसस्थानकांवर आणि फेरीबोटीच्या धक्क्यांवर मात्र आईला बहुधा स्वतःच्या मांडीवरच भागवावे लागते, ही लाजिरवाणी उणीव आहे.

लक्ष ठेवण्याच्या गोष्टी. पहिल्या एक-दोन दिवसांची शी काळी, डांबरासारखी असते. मग हिरवट, आणि आईच्या दुधावर मोहरीसारखी पिवळी व पातळ. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले भिजले तर दूध पुरते असे समजावे. सहा-आठ तास शू न होणे, शीत रक्त दिसणे किंवा शी खडूसारखी पांढरी होणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पांढरी शी यकृताच्या गंभीर विकाराची खूण असू शकते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर पेज सुरू झाली की शी घट्ट होते आणि तिला वास येऊ लागतो. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 मधल्या दुरुस्तीने आलेली 26 आठवड्यांची प्रसूती रजाही त्याच सुमारास संपते, म्हणून नवे वेळापत्रक आजीला किंवा पाळणाघरातल्या बाईला आधीच दाखवून ठेवावे. बाळ बसू लागले की आजी त्याला झोपेतून उठल्यावर आपल्या दोन पावलांवर बसवते आणि ओठांनी ‘शूऽऽ’ करते. दीड-दोन वर्षांत मूल स्वतःच सांगू लागते, लंगोट धुऊन वाळवून गाठोड्यात जातात आणि घरातल्या पुढच्या बाळंतिणीकडे पोचतात.